सख्ख्याचं, परक्याचं की आईचं?

ल्युकेमियाच्या रुग्णाला मूळपेशी कुणाच्या द्यायच्या, आणि प्रत्यारोपण ‘यशस्वी झालं’ असं कधी म्हणायचं? घरातल्या बाईला ठाऊक असायलाच हवं असं हे गणित.

मुरगूडसारख्या गावात ही बातमी एकदम येत नाही. पोराला ताप येतो, जातो, पुन्हा येतो. अंगावर निळे डाग दिसतात, पोर खेळायचं सोडून निपचित बसतं. आधी गावातल्या डॉक्टरांचं औषध, मग निपाणीला रक्ततपासणी, मग ‘पांढऱ्या पेशी फार वाढल्यात, कोल्हापूरला दाखवा’ अशी चिठ्ठी. तिथं कमरेच्या हाडातून नमुना घेऊन तपासतात. तोवर घरात कुणीतरी तो शब्द उच्चारलेला असतो, रक्ताचा कॅन्सर. मग मुंबईला किंवा पुण्याला उपचार सुरू होतात आणि काही महिन्यांनी, सगळ्यांच्या नव्हे पण काहींच्या बाबतीत, डॉक्टर म्हणतात, “बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागेल. घरात कुणाचं जुळतंय ते बघू.”

या एका वाक्यानंतर घरात जी चर्चा सुरू होते, ती आपल्याला नवी नाही. आई म्हणते, “माझंच घ्या की! नऊ महिने पोटात वाढवलंय, माझं न्हाई जुळायचं तर कुणाचं?” थोरले काका म्हणतात, सख्ख्या भावाचंच पाहिजे. कुणी म्हणतं, परक्याचं अंगाला लागत नाही. आणि शेवटी सगळे डॉक्टरांना एकच विचारतात, “किती टक्के सक्सेस?” डॉक्टर एक आकडा सांगतात. त्या आकड्यावर घर ठरवतं, जमीन गहाण टाकायची की पोराला परत घेऊन यायचं.

मैत्रिणींनो, आज या आकड्याबद्दलच बोलायचं आहे. कारण दाता बदलला की आकडा बदलतो हे खरं. पण ‘यश’ कशाला म्हटलंय आणि ते कधी मोजलंय हे विचारलं नाही, तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

प्रत्यारोपण म्हणजे ऑपरेशन नव्हे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. रक्ताच्या प्रत्येक कॅन्सरला प्रत्यारोपण लागत नाही. लहान मुलांत सर्वांत जास्त दिसणारा ल्युकेमिया म्हणजे ए.एल.एल. त्यातली बहुतेक मुलं नीट, वेळेवर आणि पूर्ण केमोथेरपी घेतली तर औषधांवरच बरी होऊ शकतात. मोठ्या माणसांतला सी.एम.एल. नावाचा प्रकार एके काळी प्रत्यारोपणाशिवाय बरा होत नसे. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि आज त्यातले बहुतेक रुग्ण रोजची गोळी घेऊन संसार करतात. प्रत्यारोपण लागतं ते मुख्यतः ए.एम.एल.च्या धोक्याच्या प्रकारांत, किंवा केमोथेरपीनंतर आजार उलटला तर.

‘ट्रान्सप्लांट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऑपरेशनचं टेबल येतं. इथं तसं काही नसतं. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मऊ मगजात तयार होतं. तिथल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, हे रक्ताचं बियाणं. ल्युकेमियात हे शेतच नासतं. मग जबर औषधांनी, कधी किरणांनी, ते साफ करतात आणि दात्याच्या निरोगी मूळपेशी सलाईनसारख्या शिरेतून सोडतात. त्या रक्तातून वाट काढत हाडात जाऊन बसतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत रुजतात. रुजल्या की रक्त दात्याच्या पेशींपासून बनू लागतं. दात्याचा रक्तगट वेगळा असला तर रुग्णाचा रक्तगटसुद्धा बदलतो! म्हणूनच इथं रक्तगट जुळणं ही मुख्य अट नाही. जुळवायचं ते दुसरंच काही असतं.

दात्याला काय सोसावं लागतं? बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं आणि मग काही तास मशीनला जोडून बसणं. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढतात. तो मणक्यातून काढत नाहीत. ‘मणक्याला सुई लावली की माणूस लुळा पडतो’ ही भीती या बाबतीत अगदी निराधार आहे. दिलेला मगज काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो. मूत्रपिंड दिलं की गेलं, तसं हे नाही.

परळमधली नऊ वर्षांची मुलगी

आपल्या देशात हे काम सुरू झालं ते मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. मार्च १९८३ मध्ये तिथं डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ए.एम.एल. झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीवर भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. दाता होता तिचा सख्खा भाऊ. डॉ. अडवाणींना स्वतःला आठव्या वर्षी पोलिओ झालेला, सारं काम चाकाच्या खुर्चीवरून. ही विद्या शिकायला ते अमेरिकेत सिएटलला डॉ. डोनॉल थॉमस यांच्याकडे गेले होते. थॉमस यांना या कामासाठी १९९० चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या पत्नी डॉटी प्रयोगशाळेतलं काम शिकल्या आणि जन्मभर त्यांच्या बरोबरीनं राबल्या. जग थॉमसना या उपचाराचे जनक म्हणतं, तर डॉटींना या उपचाराची आई.

टाटा रुग्णालयाचा हा विभाग २००७ पासून नवी मुंबईत खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही १९८६ पासून अशी प्रत्यारोपणं होतात. आता पुण्यातही होतात. सगळ्या आजारांची मिळून देशात वर्षाला दोन हजारांहून जास्त.

पण १९८३ च्या त्या मुलीच्या गोष्टीत एक नशिबाचा भाग होता. तिला भाऊ होता आणि तो जुळला. ज्यांना भाऊच नाही, किंवा आहे पण जुळत नाही, त्यांचं काय? पुढची चाळीस वर्षं डॉक्टर याच प्रश्नाशी झगडत आहेत.

बांगडी आणि अंगठीचा हिशेब

जुळवायचं असतं ते ‘एच.एल.ए.’. पेशींवरच्या या खुणा. ‘हा आपला, हा परका’ हे शरीर त्यावरून ओळखतं. त्या आईवडिलांकडून येतात. असं समजा, आईकडं दोन नक्षींच्या बांगड्या आहेत आणि वडिलांकडं दोन नक्षींच्या अंगठ्या. प्रत्येक लेकराला आईकडून एक बांगडी आणि वडिलांकडून एक अंगठी मिळते. म्हणजे चार प्रकारच्या जोड्या झाल्या. दोन भावंडांची जोडी अगदी सारखी निघण्याची शक्यता चारात एक. एकच सारखं आणि एक वेगळं, म्हणजे अर्धं जुळणं, याची शक्यता चारात दोन. आणि काहीच न जुळण्याची चारात एक.

आता घरातली माणसं मोजा. एकच भावंड असेल तर पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन असतील तर सुमारे ४४, तीन असतील तर ५८, चार असतील तर ६८. आपल्या आजीच्या काळात घरात सहा-सात भावंडं असायची. आज बहुतेक घरांत दोन मुलं, म्हणजे आजारी पोराला एकच भावंड. कुटुंब लहान झालं हे चांगलंच झालं. पण सख्खा दाता मिळणं त्यामुळं अवघड झालं, हेही खरं.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, ती नीट लक्षात घ्या. आईची एक बांगडी लेकराकडं असतेच. त्यामुळं आई आणि लेकरू नेहमी अर्धं जुळतातच. वडिलांचंही तेच. ‘माझं न्हाई जुळायचं तर कुणाचं’ म्हणणारी आई अर्धी बरोबर असते! आणि आजारी आई असेल तर तिची मोठी झालेली मुलं, मुलगा असो वा मुलगी, तिच्याशी अर्धी जुळतातच.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल आहे. अशा घरांत कधी कधी आई, वडील किंवा चुलत-मामे भावंडंही जास्त जुळू शकतात. म्हणून डॉक्टरांना आपलं नातं न लाजता सांगावं.

जास्त जुळलं म्हणजे जास्त चांगलं?

आपल्याला वाटतं, जितकं जुळेल तितकं उत्तम. मग सगळ्यांत उत्तम दाता कोण? एकसारखं जुळं भावंड. त्याचं शंभर टक्के जुळतं. पण डॉक्टरांना इथंच एक कोडं पडलं. जुळ्या भावंडाच्या पेशी दिलेल्या रुग्णांना इतर त्रास फारच कमी झाला, पण त्यांचा ल्युकेमिया इतरांपेक्षा जास्त वेळा उलटला.

असं का? कारण दात्याच्या पेशी नुसतं रक्त बनवत नाहीत, त्या राखणही करतात. औषधांतून निसटलेली कॅन्सरची एखादी पेशी दिसली, की दात्याच्या पेशी ‘ही परकी’ म्हणून तिला मारतात. जुळ्या भावाच्या पेशींना ती परकी वाटतच नाही. म्हणजे थोडंसं परकेपण उपयोगाचं असतं. पण तेच परकेपण जास्त झालं, तर त्याच पेशी रुग्णाच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उठतात. याला डॉक्टर जी.व्ही.एच.डी. म्हणतात. अंगावर पुरळ, थांबत नाही असे जुलाब, कावीळ, पुढं डोळे-तोंड कोरडं पडणं, कातडी आवळणं. हा त्रास सौम्यही असतो आणि जीवघेणाही.

दाता निवडणं म्हणजे हा तोल साधणं. एका पारड्यात आजार उलटण्याचा धोका, दुसऱ्यात दात्याच्या पेशींच्या हल्ल्याचा.

परक्याचं अंगाला लागतं?

लागतं. १९७९ मध्ये सिएटलमध्ये ल्युकेमिया झालेल्या दहा वर्षांच्या एका मुलीला, नात्यात नसलेल्या माणसाच्या पेशी पहिल्यांदा दिल्या गेल्या. दाता त्याच संस्थेत काम करणारा. पेशी रुजल्या, अंगानं त्या स्वीकारल्या. पण दोन वर्षांनी आजार उलटला आणि ती गेली. आता सांगा, ते प्रत्यारोपण यशस्वी म्हणायचं की नाही? शंभराव्या दिवशी विचारलं असतं तर सगळे ‘हो’ म्हणाले असते. तिसऱ्या वर्षी विचारलं असतं तर ‘नाही’. पण त्या मुलीमुळं परक्याचं लागू शकतं हे सिद्ध झालं आणि तिच्या वडिलांच्या धडपडीतून अमेरिकेची राष्ट्रीय दाता नोंदणी उभी राहिली.

त्याआधी १९७४ मध्ये लंडनमध्ये शर्ली नोलन नावाच्या आईनं हेच काम सुरू केलं होतं. तिचा मुलगा अँथनी याला रक्ताचा एक दुर्मीळ आजार होता. त्याच्यासाठी दाता शोधताना तिनं अनोळखी दात्यांची जगातली पहिली नोंदवही तयार केली. अँथनीला दाता शेवटपर्यंत मिळाला नाही, १९७९ मध्ये तो सातव्या वर्षी गेला. नोंदवही मात्र वाढत राहिली. आज जगभरच्या अशा नोंदींत चार कोटींहून जास्त माणसं आहेत. भारतात ‘दात्री’, ‘डीकेएमएस’ यांसारख्या संस्था हे काम करतात. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की नमुना झाला. पण आपल्याकडची नोंद अजून काही लाखांतच आहे. एवढ्या मोठ्या देशात, इतक्या जातीजमातींत, आपल्यासारखी नक्षी असलेला माणूस त्यात सापडणं अवघड जातं.

परक्याचं घेताना जुळणी किती महत्त्वाची, हे २००७ मध्ये अमेरिकेतल्या ३,८५७ प्रत्यारोपणांच्या अभ्यासानं दाखवलं. ती प्रत्यारोपणं १९८८ ते २००३ या काळातली होती. आठपैकी आठ खुणा जुळल्या तेव्हा वर्षभरानंतर १०० पैकी ५२ रुग्ण जिवंत होते. एक खूण चुकली तर ४३. दोन चुकल्या तर ३३. त्या काळी एकेका न जुळलेल्या खुणेची किंमत साधारण दहा जीव होती. उलट, पूर्ण जुळलेला परका दाता ए.एम.एल.मध्ये जवळजवळ सख्ख्या भावंडाइतकाच निकाल देतो, असंही पुढच्या अभ्यासांत दिसलं.

अर्धं जुळलं तरी

मग अर्धं जुळणारं, म्हणजे आई, वडील, मुलं यांचं, तर विचारायलाच नको, असं कुणालाही वाटेल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ते खरंही होतं. पण गेल्या दोन दशकांत चित्र पालटलं ते एका जुन्या औषधामुळं. सायक्लोफॉस्फमाइड हे कित्येक वर्षं वापरात असलेलं, तुलनेनं स्वस्त औषध. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्यायला सुरुवात केली. त्यानं दात्याच्या पेशींतल्या, हल्ला करायला उसळलेल्या पेशी मरतात आणि मूळपेशी शाबूत राहतात. शेतातलं तण काढावं आणि पीक राखावं, तसंच.

निकाल पाहा. २०१५ मध्ये ए.एम.एल.च्या २,१७४ रुग्णांची तुलना छापून आली. पूर्ण जुळलेल्या परक्याच्या पेशी घेतलेले एका बाजूला, नात्यातल्या अर्ध्या जुळणीचे दुसऱ्या बाजूला. जोरदार पूर्वतयारी घेतलेल्यांत तीन वर्षांनी परक्याचे १०० पैकी ५० जिवंत, अर्ध्या जुळणीचे ४५. सौम्य पूर्वतयारीत परक्याचे ४४, अर्ध्या जुळणीचे ४६. हा फरक योगायोगाचा असू शकेल इतकाच. उलट, दीर्घकाळ चालणारा जी.व्ही.एच.डी. अर्ध्या जुळणीच्या गटात कमी होता. जोरदार पूर्वतयारीच्या गटात ५३ टक्क्यांऐवजी ३०.

त्याच वर्षी चीनमधल्या ४५० रुग्णांची पाहणी आली. तिथली औषधांची पद्धत वेगळी, पण सगळे रुग्ण आजार पहिल्यांदा आटोक्यात आल्यावर लगेच घेतलेले. तीन वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेले, सख्ख्या पूर्ण जुळणीचे ७८ टक्के आणि अर्ध्या जुळणीचे ७४ टक्के.

आता मजा बघा. एकीकडं पन्नासच्या आसपास आणि दुसरीकडं पंच्याहत्तरच्या आसपास. दोन्ही आकडे अर्ध्या जुळणीचेच, आजारही तोच. मग एवढी तफावत का? कारण रुग्ण वेगळे. चीनच्या पाहणीत आजार आटोक्यात असलेलेच रुग्ण होते, दुसरीकडं सगळे तसे नव्हते. म्हणून दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून ‘हा दाता चांगला, तो वाईट’ असं ठरवता येत नाही. एकाच पाहणीतले, सारख्या अवस्थेतले रुग्ण असतील तरच तुलना खरी.

आणखी एक गंमत. २०२३ मध्ये हेच जुनं औषध पूर्ण जुळणाऱ्या दात्यांच्या रुग्णांनाही देऊन पाहिलं. वर्षानंतर आजार उलटलेला नाही, मोठा जी.व्ही.एच.डी. नाही आणि माणूस जिवंत, असे रुग्ण जुन्या पद्धतीत ३५ टक्के होते, ते नव्या पद्धतीत ५३ टक्क्यांच्या घरात गेले. म्हणजे इतकी वर्षं जो फरक आपण दात्यात शोधत होतो, त्यातला बराचसा औषधात होता.

नाळेच्या रक्ताची जाहिरात

बाळंतपण जवळ आलं की हल्ली तालुक्याच्या गावांतही माहितीपत्रकं येतात. ‘बाळाच्या नाळेचं रक्त साठवा, पुढं कॅन्सर झाला तर उपयोगी पडेल.’ यातलं खरं किती? नाळेच्या रक्तात मूळपेशी असतात हे खरं. १९८८ मध्ये पॅरिसला डॉ. एलियान ग्लुकमन यांनी रक्ताच्या एका जन्मजात आजाराच्या मुलाला त्याच्या बहिणीच्या नाळेचं रक्त देऊन बरं केलं. ल्युकेमियातही दुसऱ्या बाळाच्या नाळेचं रक्त वापरलं जातं. पण ते थोडं असतं आणि रुजायला वेळ घेतं.

आणि बाळाचं स्वतःचंच रक्त? ल्युकेमियात त्याचा उपयोग जवळजवळ नाही. आजाराचं मूळ त्यातच असू शकतं आणि वर सांगितलेलं राखणीचं काम त्या पेशी करत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. घरात आधीच एखाद्या मुलाला असा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना विचारा. नाहीतर ते पैसे बाळाच्या नावानं ठेवलेले बरे.

आई, तुम्हाला नको म्हटलं तर

कधी कधी असं होतं, आई आणि वडील दोघंही अर्धे जुळतात आणि डॉक्टर वडिलांना निवडतात. आईला वाटतं, आपल्याला डावललं. तसं नसतं बरं का. २०१४ मध्ये चीनमधल्या बाराशेहून जास्त रुग्णांच्या पाहणीत वडिलांच्या पेशी घेतलेल्यांचा निकाल आईच्या पेशींपेक्षा सरस दिसला आणि तरुण दात्यांचा निकाल वयस्कांपेक्षा. गरोदरपणात आईच्या शरीराची बाळातल्या ‘वडिलांकडच्या’ खुणांशी गाठ पडलेली असते, त्यामुळं तिच्या पेशी जास्त चढाई करत असाव्यात, असं समजतात. सगळीकडं हा निकाल सारखाच आलेला नाही. पण दात्याचं वय महत्त्वाचं, यावर बहुतेकांचं एकमत आहे. परक्या दात्यांच्या २०१६ च्या एका अभ्यासात, दाता दहा वर्षांनी मोठा असला की रुग्णाच्या मृत्यूचा धोका साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढलेला दिसला. तेव्हा डॉक्टरांनी तुमच्याऐवजी विशीतल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव घेतलं, तर त्यात तुमच्या मायेचं मोजमाप नाही.

पण दुसरी एक निवड आहे, जी डॉक्टर करत नाहीत, आपण करतो. दिल्लीच्या ‘एम्स’च्या डॉक्टरांनी कॅन्सर झालेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त ते काम छापून आलं. मोठ्या इस्पितळांत मुलींपेक्षा मुलगे खूप जास्त आणले जातात आणि प्रवास लांबचा, खर्च मोठा असला की मुलींचा वाटा आणखी घटतो, असं त्यात दिसलं. ज्या देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण एका मुलीवर झालं, भावानं बहिणीला मगज दिला, त्या देशात हे व्हावं? बहिणीचा मगज भावाला चालतो, तेव्हा कुणी काही बोलत नाही. भावाचा बहिणीला द्यायची वेळ आली की ‘पोरगा अशक्त होईल’. आणि मुलगी दाती झाली की ‘उद्या लग्नात अडचण’. मगज दिलेल्या मुलीला पुढं लग्नात, बाळंतपणात यामुळं काही अडचण येत नाही. हे आपणच चारचौघींत ठामपणे सांगायला हवं.

वेळ आणि पैसा

सगळ्या पाहण्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आजार आटोक्यात असताना केलेलं प्रत्यारोपण आणि उसळलेला असताना केलेलं, यांतला फरक कित्येकदा दात्यादात्यांतल्या फरकाहून मोठा असतो. म्हणून ‘पूर्ण जुळणारा मिळेपर्यंत थांबू’ म्हणत महिनेच्या महिने घालवणं परवडत नाही. एच.एल.ए. तपासणी प्रत्यारोपण ठरल्यावर नव्हे, त्याची शक्यता दिसताच करून घ्यावी. आणि हो, तोवर रुग्णाला जवळच्या नातेवाइकांचं रक्त देऊ नये. जो उद्या दाता व्हायचा, त्याच्याविरुद्ध शरीर आधीच तयार होऊ शकतं. काकांना रक्त द्यायचंच असेल तर रक्तपेढीत द्यावं, रुग्णाला दुसऱ्याचं मिळेल.

खर्च मोठा आहे, खोटं कशाला सांगा! खासगी इस्पितळात सख्ख्या जुळणीचंही दहा-पंधरा लाखांच्या घरात जातं, अर्ध्या जुळणीचं त्याहून बरंच जास्त. टाटासारख्या संस्थांत कमी. इस्पितळाजवळ तीनेक महिने खोली घेऊन राहावं लागतं. उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न, गर्दी टाळणं, हे सारं बहुतेक घरात बाईच सांभाळते आणि तिच्या बुडालेल्या रोजगाराचा हिशेब कुणी धरत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारा. मुख्यमंत्री व पंतप्रधान सहायता निधीचे अर्ज, धर्मादाय मदत यांसाठी इस्पितळाचा समाजसेवा विभाग गाठा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला सवलत आहे. शेत विकायच्या आधी ही दारं ठोठावा.

डॉक्टरांना हे विचारा

‘किती टक्के सक्सेस’ एवढंच विचारून गप्प बसू नका. वहीत लिहून न्या आणि एकेक विचारा.

• हा आकडा कशाचा? पेशी रुजण्याचा, जिवंत राहण्याचा, की आजार न उलटता जिवंत राहण्याचा?

• कधीचा? शंभर दिवसांचा, एका वर्षाचा, की तीन-पाच वर्षांचा? ल्युकेमिया उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो.

• आमच्या पेशंटसारख्या अवस्थेतल्या रुग्णांचा आहे का? आजार आत्ता आटोक्यात आहे का?

• परदेशातला आहे की तुमच्या इस्पितळातला? इथं अशी किती प्रत्यारोपणं झाली? जंतुसंसर्गानं किती गेले?

• या दात्यामुळं जी.व्ही.एच.डी.चा धोका किती? तो टाळायला कोणती औषधं देणार?

• पोरगं पुन्हा शाळेत जाईल का, कधी? पुढं मूल होण्याबाबत काय? औषधं सुरू करण्यापूर्वी त्यासाठी काही करता येतं का?

• प्रत्यारोपण केलं नाही तर दुसरा मार्ग कोणता, आणि त्याचा आकडा किती?

शेवटचा प्रश्न विचारायला माणसं कचरतात, पण तो हक्काचा आहे. ए.एल.एल.च्या काही प्रकारांत आता कार-टी नावाचा नवा उपचारही आला आहे. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा रुग्णालयाच्या संशोधनातून तयार झालेल्या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो सगळ्यांना लागू पडत नाही, पण विचारायला हरकत काय?

चाळीस वर्षांपूर्वी ‘घरात कुणाचं जुळत नाही’ म्हटलं की गाडी परत गावाकडं वळायची. आज जवळजवळ प्रत्येकाला कुणी ना कुणी दाता असतो. भाऊ नाही तर परका, परका नाही तर आई, बाप, लेक. त्यामुळं ‘दाता नाही’ म्हणून कुणी उपचार सोडू नयेत. आणि तुमचं वय अठरा ते पन्नासच्या आत असेल, तब्येत ठणठणीत असेल, तर दाता नोंदणीचं शिबिर आपल्या बचत गटात, आपल्या कॉलेजात घेता येतं का ते बघा. नात्यात दाता न मिळालेलं कुणाचं तरी लेकरू त्या नोंदीत तुमचं नाव शोधत असेल.